सांगलीवाल्यांचा कोच आमच्या मंडळावर आणून बसवलाय. पहिल्या मॅचला जायचं का नाही?

हलगीवाला_मिरज

राम राम मंडळी. प्रश्न वर लिहिलाय, आता भानगड ऐका.

क्लबाचं नाव लिहीत नाही. कमिटीतली निम्मी माणसं इथं वाचत असतात आणि उरलेल्या निम्म्यांना कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतंच. मिरजेतलं जुनं मंडळ आहे, गणपतीत कमान उभारतं, उन्हाळ्यात टूर्नामेंट खेळतं, एवढं पुरे. मिरजेचे असाल तर ओळखलं असेलच. ओळखलं असलं तरी खाली नाव टाकू नका, हात जोडतो.

आमचे सर रेल्वेतून रिटायर झालेले. शाळेत कधी शिकवलं नाही, मालधक्क्यावर नोकरी केली, पण पोरं सर म्हणतात म्हणून गावही सर म्हणतं. कितीतरी वर्षं त्यांनी पोरं घडवली. पगार शून्य. वर्षाकाठी एक शर्टपीस, टोपी आणि नारळ. कोणाच्या बुटाचा तळ सुटला तर सर तो पिशवीत घालून स्वतः शिवून आणायचे, आणि पैसे विचारले की ऐकू न आल्यासारखं करायचे. या मे महिन्यात कमिटीची बैठक झाली आणि सरांना 'मार्गदर्शक' करून टाकलं. फ्लेक्सवर फोटो आला, मैदानावरची खुर्ची गेली.

त्यांच्या जागी आणलेला माणूस सांगलीचा. नुसता सांगलीचा असता तर मी गिळलं असतं. मी स्वतः रोज सांगलीला मार्केट यार्डात जातो, हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, सांगलीच्याच पैशावर घर चालतं. पण हा ज्या क्लबाचा कोच होता त्या क्लबानं आम्हाला फायनलला रडवलंय. एक गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ बॉल कॉर्नर फ्लॅगपाशी धरून बसले. त्यांचा गोलकीपर वारा लागला तरी आडवा होत होता. आणि बक्षीस समारंभात यानं माईक घेतला आणि म्हणाला, "मिरजेची पोरं पळतात चांगली, फक्त बॉल कुठं आहे ते बघत नाहीत." सगळे हसले. स्टेजवर बसलेले आमचे अध्यक्षही हसले. त्याच अध्यक्षांनी आता त्याला हार घालून आणलंय.

कारण काय तर त्याच्याकडं एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स आहे. सरांकडं कागद नाही. पुढं अकॅडमी काढायची म्हणे, आणि स्पॉन्सर आहेत बिल्डर, त्यांना कागद लागतो. (त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगच्या कागदांबद्दल मी काही बोलत नाही.)

आल्या आल्या साहेबांनी काय केलं ते सांगतो. प्रॅक्टिस सहाची साडेपाचला. मोबाईल एका पिशवीत गोळा. प्रॅक्टिसनंतरचा वडापाव बंद, त्याऐवजी उकडलेली अंडी आणि भिजवलेले हरभरे, अंडी न खाणाऱ्यांना गूळ-शेंगदाणे. हे बरंच केलं, खोटं कशाला बोलू, पण गाड्यावरच्या मामांचं रोजचं गिऱ्हाईक एका सकाळीत तुटलं त्याचं काय? मग आमचा नऊ नंबर. डाव्या पायाचा पोरगा आहे, गल्लीतली शेंबडी पोरं त्याच्या नावाचे टी-शर्ट घालून फिरतात. त्याला उचलून लेफ्ट बॅकला लावला! फॉरवर्डचा बॅक. बढती सोडा, बदली म्हणायलाही जीभ धजत नाही.

आणि हलगी बंद.

माझी हलगी. म्हणजे मूळची चुलत्यांची, आता माझ्याकडं. मॅचच्या आधी मैदानाच्या कडेला कागद पेटवून तिला शेक देतो, कातडं ताणलं की ती अशी कडाडते की कृष्णाघाटापर्यंत आवाज जावा. हा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "गोलकीपर ओरडतो ते बॅकला ऐकू येत नाही. वाजवायची तर गोल झाल्यावर आणि हाफटाईमला." मी काय घड्याळ आहे का, टोले द्यायला?

रविवारी पहिली मॅच, तासगावच्या टीमशी. पोरांचे बेत चाललेत. एक गट म्हणतो काळे झेंडे न्यायचे. दुसरा म्हणतो मैदानाकडं पाठ करून बसायचं. तिसरा म्हणतो कोणीच जायचं नाही, रिकाम्या मैदानावर घे म्हणावं लायसन्स. माझं मन तिन्हीत लागत नाही, कारण खेळणार आपलीच पोरं, ती आईबापाला सांगून आलेली असतात.

तर विचारायचं हे की जावं का, घरी बसावं का, का जाऊन हुर्यो करावी? तुम्ही लोक रात्र रात्र जागून इंग्लंड-स्पेनच्या मॅच बघता. तिकडं नको असलेला मॅनेजर डोक्यावर बसवला की प्रेक्षक काय करतात?

खणभागचा_बाप्या

घ्या की भावा आमचा कोच. आनंदानं दिलाय, परत मागणार नाही. आणि हलगी बंद केल्याबद्दल अख्ख्या सांगलीतर्फे त्यांचा गणपती मंदिरासमोर शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवावा म्हणतो.

मस्करी सोडून सांगतो. आमच्याकडं आला तेव्हा आम्हीही पहिलं सबंध वर्ष शिव्या घातल्या. बोलायला अतिशय खडूस आहे. पण पोरं रेफरीच्या अंगावर जायची ती थांबली, कार्डं कमी झाली, हे कबूल करावं लागतं. कॉर्नर फ्लॅगचं म्हणाल तर त्यात नियमाबाहेर काय होतं सांगा. तुम्ही काढून घ्यायचा होता बॉल.

विट्याचा_रोव्हर

हलगीवाले दादा, या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. मी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा फॅन आहे. हो, विट्यात राहून. हसून झालं असेल तर पुढं लिहितो.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या वेंकीजनं हा क्लब विकत घेतला. आमच्या घरी तेव्हा ब्रॉयलरचं शेड होतं, दुसऱ्याच कंपनीच्या करारावर. वडिलांनी पेपरात बातमी वाचली आणि म्हणाले, "कोंबडीवाल्यांनी विलायतेत फुटबॉलचा क्लब घेतला. बघ, आपल्या धंद्याला काय दिवस आलेत." मी बघायला लागलो आणि सुटलोच नाही. पुढच्या ऑक्टोबरात ती टीम पुण्यात आली, बालेवाडीला पुणे एफसीशी दोस्तीची मॅच झाली, ब्लॅकबर्न ३-० जिंकलं. मी एसटीनं स्वारगेटला उतरून गेलो होतो. त्या दिवशी वाटलं, आता काय, जग जिंकलं.

जिंकलं कसलं. क्लब घेतल्यावर महिन्याभरातच त्यांनी मॅनेजर सॅम ॲलरडाईसला काढलं होतं. टीम तेव्हा १३ व्या नंबरवर होती, म्हणजे तशी बरी. त्याच्या जागी बसवला स्टीव्ह कीन, जो त्याच्याच हाताखाली पोरांना ट्रेनिंग द्यायचा. मोठ्या क्लबाची सूत्रं त्यानं आधी हातात घेतलेली नव्हती. ज्या क्लबानं १९९५ ला केनी डालग्लिशच्या हाताखाली प्रीमियर लीग जिंकली, तिथल्या लोकांना हे कसं पटावं? पहिल्या हंगामात शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जच्या मैदानावर ३-२ जिंकून कसेबसे वाचले. दुसऱ्या हंगामात मात्र मॅचच्या आधी मोर्चे, स्टेडियममध्ये बोर्ड, आणि 'कीन आऊट'चा घोष. २०१२ च्या मे महिन्यात घरच्या मैदानावर विगनशी मॅच होती. कोणीतरी क्लबाचा झेंडा अंगावर बांधलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कोंबडीच का, ते तुम्हाला समजावायला नको. ०-१ हरले आणि ११ वर्षांनी वरच्या लीगमधून खाली गेले.

आता तुमच्या कामाचं ऐका. लोकांचा सगळा दारूगोळा कीनवर उडाला. तो सप्टेंबरात गेला. मग आणला हेनिंग बर्ग, तो टिकला ५७ दिवस. मग मायकेल ॲपलटन, तो ६७ दिवस. काही वर्षांनी ओवेन कॉईल आला, आणि हा कोण तर शेजारच्या बर्नलीचा जुना मॅनेजर, त्यांना २००९ ला प्रीमियर लीगमध्ये नेणारा! बर्नली आणि ब्लॅकबर्न म्हणजे अगदी तुमचं मिरज-सांगली, अर्ध्या तासाचा रस्ता आणि शंभर वर्षांची खुन्नस. तोही हंगाम संपायच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये गेला. त्याच्यामागून टोनी मोब्रे आला, शेवटची मॅचही जिंकली, पण नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच ५१ पॉइंट असून गोलफरकानं तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घसरलो. खुर्चीतला माणूस बदलत राहिला, त्याला बसवणारे तेच राहिले. मालकांवरही लोक चिडलेले होतेच, पण ते मैदानावर दिसत नव्हते आणि मॅनेजर दर शनिवारी समोर उभा असायचा. शिवी जवळच्यालाच लागते.

म्हणून म्हणतो, तुमचा प्रश्न कोचला विचारायचा नाही. सरांना काढायचं कोणी ठरवलं, कधी ठरवलं, किती जण हजर होते, हे कमिटीला विचारायचं.

निषेध कसा करतात म्हणालात. मला सगळ्यात आवडलेला प्रकार चेल्सीचा. २०१२ च्या मे महिन्यात मॅनेजर दि मातेओनं त्यांना म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, आणि नोव्हेंबरात त्यालाच काढून राफा बेनिटेझला आणलं. हा बेनिटेझ लिव्हरपूलचा, चेल्सीशी जुनी खडाखडी झालेला. पहिल्याच मॅचला, मँचेस्टर सिटीशी ०-० झाली ती, लोकांनी त्याची यथेच्छ हुर्यो केली. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. दि मातेओ खेळाडू असताना त्याचा शर्ट १६ नंबरचा होता. म्हणून दर मॅचला १६ व्या मिनिटाला सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायचं. नव्याला शिवी नाही, जुन्याचा मान राहिला, आणि कमिटीला काय सांगायचं ते सांगून झालं.

दुसरा नमुना टॉटेनहॅमचा. १९९८ ला त्यांनी जॉर्ज ग्रॅहमला आणलं. हा आर्सेनलचा! आर्सेनलला १९८९ आणि १९९१ ची लीग जिंकून देणारा. प्रेक्षकांनी त्याचं नावच तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं. घोषणेत मॅनेजरचं नाव यायच्या जागी ते 'रेनकोटवाला माणूस' असं गायचे. त्याच हंगामात त्यानं लेस्टरला हरवून लीग कप आणून दिला, तरी नाव नाहीच.

आणि हे लक्षात ठेवा, बेनिटेझनंसुद्धा चेल्सीला लीगमध्ये तिसरं आणलं, आम्सटरडॅमला बेनफिकाला २-१ हरवून युरोपा लीग जिंकली. तरी तो गेला तेव्हा कोणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. जिंकला म्हणून राग गेलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही रागावलेले राहा. फक्त राग कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे तेवढं बघा.

भडंग_प्लस_चहा

विट्याच्या भावाचं वाचून असं वाटायला नको की मॅनेजरवर चिडणारे नेहमी चुकीच्याच माणसावर चिडतात. ॲस्टन व्हिलानं २०११ ला अ‍ॅलेक्स मॅक्लिशला घेतलं, थेट शेजारच्या बर्मिंगहॅम सिटीतून, आणि तेही तो बर्मिंगहॅमला खाली घालवून आल्यावर. लोकांनी ट्रेनिंग ग्राउंडच्या भिंतीवर रंगवून विरोध केला. क्लबानं ऐकलं नाही. हंगामात ३८ पैकी ७ मॅच जिंकले, १६ वे आले, दोन पॉइंटांनी वाचले आणि हंगाम संपल्या संपल्या त्याला नारळ दिला. प्रेक्षकांना जे आधी दिसत होतं ते संचालकांना वर्षभरानं दिसलं.

काळे झेंडे मात्र नकोत. मैदानात पोलीस आले की टूर्नामेंटचीच परवानगी जाते.

हलगीवाला_मिरज

विट्याचे दादा, तुमची पोस्ट अडतीवर बसून वाचली, सौदा सुरू होता, शेठनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. मस्त लिहिलंय. पण एक फरक आहे. ब्लॅकबर्नवाल्यांचा मालक पुण्यात, त्यांना दिसत नव्हता. आमचे अध्यक्ष मला रोज सकाळी चहाच्या गाड्यावर दिसतात. अडचण ही की तोंड उघडायच्या आत ते माझा चहा सांगून मोकळे होतात. त्यांचा चहा पिऊन त्यांनाच कसं विचारायचं, "सरांना का काढलं?" आणि घरची सोयरीकही आहे, लांबची. इंग्लंडमध्ये ही भानगड नसावी.

ते १६ व्या मिनिटाचं मला फार आवडलं. संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. म्हटलं, सर, तुमचा शर्ट सात नंबरचा होता, सातव्या मिनिटाला सगळे उभे राहून टाळ्या वाजवतो. सर पेपर वाचत होते. चष्मा न काढता म्हणाले, "वाजवू नका. पोरं बॉल सोडून तुमच्याकडं बघतील." मग जरा वेळानं म्हणाले, मंडळाच्या कपाटात माझी शिट्टी राहिलीय, पितळी, दोरी निळी आहे, ती तेवढी आणून दे. बाकी काही बोलले नाहीत. काकूंनी शेवयाची खीर दिली.

शिट्टी मागायला गेलो तर कपाटाची चावी सचिवांकडं, सचिव खजिनदारांकडं बोट दाखवतात, खजिनदार लग्नाला कर्नाटकात. मला एवढा राग हलगी बंद केल्यावरसुद्धा आला नव्हता.

बाप्या, सत्काराची शाल मला पाठव, थंडीत उपयोगी पडेल.

डावी_बॅक

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठाकडून खेळलेली आहे, जागा नावातच लिहिलीय. नऊ नंबरच्या मुलाला लेफ्ट बॅकला लावल्याबद्दल सगळे 'बदली' म्हणताहेत, त्यावर थोडं बोलते, कारण आयुष्यभर मी हेच ऐकलंय की जो पुढं चालत नाही त्याला बॅकला टाकतात.

डाव्या पायाचे खेळाडू मुळातच थोडे. उजव्या पायाचा मुलगा डाव्या बाजूला उभा केला की बॉल आला की तो आधी आत वळतो, मग पास देतो. तेवढ्या वेळात समोरचा अंगावर आलेला असतो. डाव्या पायाचा असेल तर तो बाहेरच्या बाहेर, रेषेला धरून, एका टचमध्ये बॉल पुढं काढतो. सगळ्या टीमचा वेग तिथून वाढतो. आणि हल्ली बॅक नुसता मागं उभा राहत नाही, अर्धा वेळ तो समोरच्याच्या हाफमध्ये असतो. चेल्सीच्या व्हिक्टर मोझेसचं उदाहरण बघा. विंगर होता, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारा, क्लब त्याला दर वर्षी दुसरीकडं उधार द्यायचा. २०१६ ला आर्सेनलकडून ३-० हरल्यावर मॅनेजर कॉन्टेनं मागं तीन जण ठेवले आणि मोझेसला उजवीकडं विंगबॅक केलं, म्हणजे त्या कडेला बचावही त्याचा आणि हल्लाही त्याचा. त्यानंतर लीगमध्ये सलग १३ मॅच जिंकले आणि शेवटी लीगही. मोझेसला 'बदली' म्हणणारा तिथं कोणी उरला नाही.

याचा अर्थ तुमचा कोच कॉन्टे आहे असं मी म्हणत नाहीये. त्या मुलाला समजावून सांगितलंय का, की नुसता हात धरून मागं नेऊन उभा केलाय? फरक तिथं पडतो. मला आमच्या मॅडमनी कारण सांगितलं नव्हतं, मी दोन महिने घुश्शात खेळले. कोणीतरी त्या मुलालाच विचारा. एवढी चर्चा झाली, त्याला काय वाटतं ते कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

आणि हलगीवाले दादा, राग मानू नका, पण मागून गोलकीपरची 'मॅन ऑन', म्हणजे समोरचा अंगावर आलाय, ही हाक ऐकू आली नाही की बॅकची काय फजिती होते ते मला विचारा.

निवृत्त_लेखनिक

तरुण मित्रांनो, फुटबॉलमधलं मला कळत नाही. नोकरीची बरीच वर्षं संस्थांच्या फाइली हाताळण्यात गेली, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो.

मंडळ जर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवलेलं असेल, तर त्याची घटना म्हणजे नियमावली असते, आणि ती सांगलीच्या धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी असते. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. प्रशिक्षक हा विश्वस्त नव्हे, त्यामुळे त्याच्या नेमणुकीसाठी असा अर्ज लागत नाही. म्हणजे 'कायद्यानं नेमणूक रद्द करतो' असल्या गप्पा कोणी करू नये. पण नेमणूक कार्यकारिणीच्या ठरावानं झाली असेल, तर तो ठराव इतिवृत्तात लिहिलेला हवा. मानधन ठरलं असेल तर ते जमाखर्चात दिसायला हवं. सभासदाला सभेत हे विचारता येतं, आणि लेखी विचारलं की उत्तर देताना माणूस जरा जपून बोलतो.

कोणाच्या चहाचा प्रश्न इथं येत नाही. अर्ज कागदावर करायचा, दोन प्रती काढायच्या, एकीवर पोच घ्यायची.

आधी हे मात्र तपासा की अर्ज करणारे सभासद आहेत का. वर्गणी थकलेली असेल तर पहिल्याच वाक्याला अर्ज बाजूला ठेवतील. माझ्या पाहण्यातली निम्मी आंदोलनं थकीत वर्गणीवर विझली.

हलगीवाला_मिरज

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यानं घात केला. काल रात्री कट्ट्यावर सगळ्यांना वर्गणीच्या पावत्या आणायला सांगितल्या. काळे झेंडेवाल्या गटात एकाचीही पावती निघाली नाही. पाठ करून बसणाऱ्यांपैकी दोघांची निघाली, त्यातली एक गणपतीच्या वर्गणीची. माझी आहे, अडतीत कागद सांभाळायची सवय उपयोगी आली. एका जणानं तर विचारलं, "वर्गणी द्यायची असते का?" आणि हाच पोरगा सगळ्यात जोरात 'मंडळ आमचं आहे' म्हणून ओरडत होता.

ताई, तुम्ही म्हणालात म्हणून नऊ नंबरला गाठलं. तो म्हणाला, कोचनं मोबाईलवर दोन क्लिपा दाखवल्या, त्याला पटलंय, पण घरी बाप बोलत नाही, कारण बापाला वाटतं पोराला मागं टाकलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, तुम्ही सगळे माझ्या बाजूनं भांडताय हे बरंय, पण जरा हळू भांडा, वडील ऐकतात." आता यावर काय बोलायचं?

तर ठरलं असं. मी जाणार. झेंडा नाही, पाठ करणं नाही. कोचचं नाव मी घेणार नाही, तो मुद्दा टॉटेनहॅमवाल्यांचा मला पटलाय. आमच्याकडं रेनकोट नाही, त्यामुळं 'लायसन्सवाले' म्हणायचं ठरलंय. टाळ्यांचा बेत सरांनी मोडला म्हणून रद्द.

हलगी येणार. आमच्या गोलकीपरची हाक आमच्या बॅकला ऐकू यायला पाहिजे, मान्य. मग मी बसणार तासगावच्या गोलमागं. हाफटाईमला बाजू बदलली की मीही उठून दुसऱ्या टोकाला. त्यांच्या गोलकीपरची हाक त्यांच्या बॅकला ऐकू आली नाही तर त्याला मी काय करू? लायसन्सवाल्यांच्या नियमात हे कुठं बसत नाही ते त्यांनी दाखवावं.

खणभागचा_बाप्या

अरे लेका, तू तर आमच्यापेक्षा खडूस निघालास. कोच बरोबर ठिकाणी आलाय.

विट्याचा_रोव्हर

रेफरीनं उठवलं तर? मैदानाच्या कडेपासून थोडं अंतर ठेवून बसा दादा, आणि आयोजकांना आधी विचारून घ्या. आणि अर्जाचं काय झालं?

हलगीवाला_मिरज

आयोजकांना विचारलं, त्यांनी दोरीच्या बाहेर बसा म्हणून सांगितलंय.

अर्ज काकांनी सांगितला तसाच केला. तीन प्रश्न. सरांना बदलायचा ठराव कुठल्या बैठकीत झाला आणि हजर कोण होतं? नव्या माणसाचं मानधन किती आणि ते मंडळ देणार का स्पॉन्सर? आणि कपाटाची चावी कोणाकडं आहे? तिसरा प्रश्न मी माझ्या मनानं घातला. खाली पाच सह्या, पाचही पावतीवाल्या.

आज संध्याकाळी सचिवांच्या दुकानात नेऊन दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू की, पोचेची काय घाई आहे, सही नंतर करतो." म्हटलं, करा सावकाश. मी बसतो.